टांग्याच्या घोड्याची झापडं

आमच्या आजोबांचा टांगा मिरज स्टेशनावर लागायचा. घोडा जुंपताना त्यांचा हात आधी झापडांकडे जाई. डोळ्यांच्या बाजूला, पट्ट्याला शिवलेले चामड्याचे दोन चौकोनी तुकडे. पापणीला घासले तर जनावर मान झटकतं, म्हणून त्यांच्या कडा ते तेल चोळून मऊ ठेवत.

झापडांची गरज घोड्याच्या कवटीतच आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला सुमारे ३५० अंशांतलं दिसतं. माळावर लांडगा हेरायला हे सोयीचं. पण टांग्याला जुंपल्यावर मागचं फिरतं चाक, उगारलेला चाबूक, शेजारून जाणारी एसटी, सगळंच दिसतं आणि तो बुजतो. दिसत नाही ते नेमकं शेपटीमागचं. म्हणून आजोबा खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जात.

वानराचं उलट. दोन्ही डोळे समोर, म्हणून अंतराचा अंदाज चोख, पण पाठीमागचं काही दिसत नाही. हे झाडांवरच्या उड्यांमुळे घडलं, असं पूर्वी मानत. १९७०च्या दशकात मानवशास्त्रज्ञ मॅट कार्टमिल यांनी विचारलं, मग झाडावरच्या खारीचे डोळे बाजूला कसे? त्यांच्या मते मूळ कारण होतं नजरेने हेरून किडे पकडणं.

पुढे घोड्यांची जागा यंत्रांनी घेतली. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७मध्ये विजेची. मिरजेत टांगे मोडीत काढले ते रिक्षांनी. रिक्षाला झापडं लागत नाहीत. समोर डोळे असलेल्या चालकाला आरसे मात्र लागतात.