नौकेचा तोल आणि तोलपट्ट्या

कर्जत आणि खालापूर हे दोन्ही तालुके समुद्रापासून आंत, सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. भातखाचरें, माळ आणि डोंगरउतार यांच्या ह्या प्रदेशांत नौकेची गोष्ट निघावी, हें प्रथम नवलाचें वाटेल. परंतु कळंब-नेरळच्या शिवारावर पडलेला पाऊस उल्हास नदींत उतरतो आणि उल्हास कल्याणवरून वसईच्या खाडीकडे जाते. खालापूरच्या बाजूचें पाणी पाताळगंगा घेऊन जाते आणि तें धरमतरच्या खाडीनें मुंबईसमोरच्या समुद्राला मिळतें. पहिल्या नदीच्या वाटेवर मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ झाला. दुसरीचें पाणी जेथें समुद्रांत जातें, त्याच परिसरांत १९४७ सालीं एक आगबोट उलटून शेंकडों माणसें बुडालीं. ह्या दोन घटनांना जोडणारा एक धागा आहे, आणि तो म्हणजे नौकेचा तोल.

तोल म्हणजे काय, हें समजण्यासाठीं समुद्रावर जाण्याची गरज नाहीं. भाताच्या गोणी लादलेली बैलगाडी ज्यानें हांकली आहे, त्याला तें ठाऊक असतें. मागें भार फार झाला कीं गाडी उलाळ होते आणि जूं बैलांच्या मानेवरून वर उचलूं लागतें. पुढें फार झाला तर सारें ओझें मानेवर येऊन बैल दमतात. शहाणा गाडीवान मग एखादी गोण सरकवितो, किंवा स्वतःच पुढें सरकून बसतो. नौकेचेंहि तसेंच आहे. फरक इतकाच, कीं गाडीखालीं स्थिर जमीन असते आणि नौकेखालीं चंचल पाणी. पिछाडी जड झाली तर नाळ आकाशाकडे पाहूं लागते व नौका चालविणाराला पुढचें दिसेनासें होतें. नाळ जड झाली तर ती लाटेंत घुसते. आणि एक कूस जड झाली तर सारी नौका कलते.

शिवाजीमहाराजांनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यावर तेथील खाडींत जहाजें बांधण्याचें काम सुरू झालें. पुढें मराठ्यांच्या आरमारांत गुराब आणि गलबत हे दोन प्रकार प्रमुख ठरले. कोंकणच्या खाड्या उथळ. म्हणून हीं जहाजें थोड्या पाण्यांत तरंगतील अशा बेतानें बांधीत. अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें गुराबेचें जें वर्णन केलें आहे, त्यांत एक मार्मिक गोष्ट आढळते. गुराबेची नाळ निमुळती व पुढें आलेली असे. समोरून लाटा येऊं लागल्या कीं ती जोरानें खालींवर होई. म्हणून नाळेवरील तक्तपोशीला इतर भागाप्रमाणें कठडे न ठेवतां ती मोकळी सोडीत. वर चढलेलें पाणी न सांचतां वाहून जाई. लाट थांबवितां येत नाहीं, पण तिचा भार जहाजावर राहूं द्यावयाचा नाहीं, हा त्यांतला विचार होता. १६७९ सालीं खांदेरीच्या युद्धांत मराठ्यांच्या हलक्या, वल्ह्यांनीं चालणाऱ्या नौकांनीं इंग्रजांच्या जड जहाजांना जेरीस आणलें. हलकेपणा आणि तोल हेंच त्या लहान नौकांचें मोठें बळ होतें.

व्यापारी शिडाच्या नौकांना दुसरी अडचण असे. माल उतरला कीं नौका हलकी होऊन वाऱ्यानें लवंडण्याची भीति. मग तळाशीं दगड किंवा वाळू भरीत. किती भरावयाची आणि कोठें भरावयाची, हें तांडेल अनुभवानें ठरवी. सारांश, इंजिनें येण्यापूर्वीं तोल राखण्याचें साधन एकच होतें: वजन उचलून दुसरीकडे ठेवणें.

यंत्रशक्ति आल्यावर प्रश्नाचें स्वरूप पालटलें. सावकाश चालणारी नौका पाणी बाजूला सारीत जाते. वेग वाढला कीं ती स्वतःच उठविलेल्या लाटेच्या चढावर अडकते. नाळ वर उचलते, पिछाडी खोल बसते आणि इंधन व्यर्थ जळतें. हा चढ एकदां ओलांडला तर मात्र नौका वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत जाते. तळ्यावर तिरपी फेंकलेली चपटी ठिकरी जशी न बुडतां उड्या मारीत जाते, तसाच हा प्रकार आहे. १८७२ सालीं रॅमस नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकानें पायरीदार तळाची अशी घसरणारी नौका बांधावी, असें ब्रिटिश नौदलाला सुचविलें होतें. विल्यम फ्रूड या शास्त्रज्ञानें तिचे नमुने पाण्यांत ओढून पाहिले आणि त्या काळच्या इंजिनांनीं हें साधणार नाहीं, असा निर्णय दिला. कल्पना खोटी नव्हती. वाफेचें यंत्र तिच्या मानानें फार जड होतें. पेट्रोलचें हलकें इंजिन आल्यावर थॉर्निक्रॉफ्ट कंपनीनें १९१६ सालीं पायरीदार तळाच्या चाळीस फुटी लढाऊ मोटारबोटी बांधल्या, आणि त्या तासाला तीस सागरी मैलांहून अधिक वेगानें धांवूं लागल्या.

अशा वेगवान नौकेंत उतारू जागा बदलतात, टाकींतील तेल कमी होत जातें, वारा दिशा पालटतो. दर वेळीं वजन इकडून तिकडे हलविणें शक्य नसतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सहलीच्या मोटारबोटींवर जो उपाय सर्वत्र रूढ झाला, तो म्हणजे ट्रिम टॅब, अर्थात् तोलपट्टी. नौकेच्या पिछाडीला, तळाच्या अगदीं कडेशीं, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा धातूच्या दोन सपाट पट्ट्या बिजागरीनें बसविलेल्या असतात. तेलाच्या दाबानें किंवा विजेच्या लहान मोटरनें त्या खालींवर होतात. पट्टी खालीं केली कीं तळाखालून मागें धांवणारें पाणी तिच्यावर आदळून तिला वर लोटतें. पिछाडीची ती बाजू उचलली जाते आणि अर्थातच नाळ खालीं येते. गाडीवानानें पुढें सरकून बसावें, तेंच काम येथें धांवतें पाणी करतें.

वापरण्याची रीत ह्या तत्त्वांतूनच निघते. निघतांना दोन्ही पट्ट्या खालीं केल्या म्हणजे नौका तो पाण्याचा चढ लवकर ओलांडते. वेग आला कीं त्या हळूहळू वर घ्याव्या. नाहीं तर नाळ दबून पाण्याचा विरोध वाढतो. समोरून लाटा येत असतील तर नाळ किंचित् नमवावी, म्हणजे तिची धार लाट कापते आणि आदळआपट कमी होते. लाटा मागून येत असतील तर मात्र पट्ट्या पूर्ण वर घ्याव्या. त्या वेळीं नमलेली नाळ पुढच्या लाटेंत रुतून नौका आडवी फिरण्याचा मोठा धोका असतो. नौका मागें घेतांनाहि त्या वरच असाव्या. एका बाजूला कल असेल तर जी बाजू खालीं गेली आहे, तिकडची पट्टी थोडी खालीं करावी. येथें नवशिका हमखास फसतो. कारण पुष्कळ बोटींवर उजवीकडील कळ डावी पट्टी हालविते. नाळेची कोणती बाजू नमवावयाची आहे, तें त्या कळेवर सांगितलेलें असतें. पट्टी कोणती, तें नव्हे. प्रत्येक वेळीं कळ क्षणभरच दाबावी, नौकेला स्थिर होऊं द्यावें, आणि मगच पुन्हां हात लावावा.

ह्या पट्ट्यांची निगा राखणें हा कोंकणांतील जुन्याच व्यवहाराचा नवा अध्याय आहे. खारें पाणी लांकूड खातें तसें धातूहि खातें. १८२४ सालीं सर हंफ्री डेव्ही यांनीं जहाजांच्या तळावरील तांब्याचा पत्रा वांचविण्यासाठीं त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले आणि तांबें वांचलें. परंतु न विरघळणाऱ्या तांब्यावर शेवाळ व शिंपल्यासारखे जीव चिकटूं लागले, आणि नौदलाला तो उपाय सोडावा लागला. दोन्ही शत्रु एकाच उपायानें हटत नाहींत, हा धडा तोलपट्टीलाहि लागू आहे. तिच्यावरील जस्ताचा तुकडा निम्मा झिजला कीं बदलावा आणि त्याला रंग कधींहि देऊं नये. रंगानें झांकलेलें जस्त निरुपयोगी होय. पट्टीच्या पृष्ठावर मात्र जीव चिकटूं न देणारा रंग द्यावा. सफर संपली कीं पट्ट्या वर घेऊन ठेवाव्या, म्हणजे त्यांना हालविणारा दांडा पाण्यांत उघडा राहून त्यावर थर चढत नाहीं. नंतर गोड्या पाण्यानें सारें धुवावें. तेलाच्या यंत्राची पातळी व नळ्यांची गळती पहावी. विजेच्या यंत्राचे जोड गंजले आहेत कीं काय तें पहावें. बिजागरीची खीळ ढिली झाली असेल तर वेळींच बदलावी. एकच पट्टी अडकून बसणें हें दोन्ही बंद पडण्यापेक्षां वाईट, कारण तेव्हां कल सुधारणारें साधनच कल उत्पन्न करतें.

इतकें असूनहि ह्या साधनाला एक कठोर मर्यादा आहे. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं 'रामदास' आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. ऐन पावसाळा होता आणि समुद्र खवळलेला होता. कांशाच्या खडकाजवळ आगबोट एका अंगाला कलली; भेदरलेले उतारू एका बाजूकडून दुसरीकडे धांवले आणि पाठोपाठच्या लाटेनें ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. रेवसच्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांतून कांहींना वांचविलें. अशा प्रसंगीं कोणतीहि पट्टी कामास आली नसती. पट्टीचें बळ धांवत्या पाण्याचें असतें. वेग मंदावला कीं ती केवळ धातूचा पत्रा उरते. शेंकडों माणसें एकाच वेळीं जागा सोडतात, तेव्हां त्या भाराला तोलणारें यंत्र नौकेवर नसतें.

२०२० सालीं भाऊचा धक्का आणि मांडवा यांच्यामध्यें मोटारगाड्या वाहून नेणारी मोठी बोट सुरू झाली. गेटवेवरून मांडव्याकडे वेगवान सहलबोटीहि जातात. त्यांच्या पिछाडीच्या पट्ट्या उतारूंच्या दृष्टीस सहसा पडत नाहींत. पण तोल राखण्याचें अर्धें काम त्यांच्याकडे कधींच नव्हतें. तें धक्क्यावर, दोर सोडण्यापूर्वीं करावयाचें असतें: माणसें मोजणें, त्यांना दोन्ही बाजूंस सारखें बसविणें, आणि जागा भरल्यावर पुढच्या माणसाला नाहीं म्हणणें. तांडेल पूर्वीं हेंच करीत असे, आणि कळंबचा गाडीवानहि गोणी चढवितांना हेंच करी.