पिढीबदलाच्या काळातील गेम-घोषणा

गेम-कन्सोलची एक पिढी संपत आली असताना नवा व्हिडिओ गेम केव्हा आणि कोणत्या यंत्रासाठी जाहीर करावा, याविषयीचे प्रकाशकांचे धोरण. सोनीची प्लेस्टेशन ३ (२००६), प्लेस्टेशन ४ (२०१३) आणि प्लेस्टेशन ५ (२०२०) ही यंत्रे सात-सात वर्षांच्या अंतराने बाजारात आली. अशा प्रत्येक चक्राच्या अखेरीस हा प्रश्न ऐरणीवर येतो.

कारणे : मोठा गेम तयार व्हायला अनेक वर्षे लागतात, त्यामुळे एका पिढीत सुरू झालेले काम पुष्कळदा दुसरीच्या उंबरठ्यावर पोहोचते. जुने यंत्र कोट्यवधी घरांत असते, तर नव्याचे ग्राहक सुरुवातीला थोडेच असतात. नव्या यंत्राची माहिती स्टुडिओंना गोपनीयतेच्या अटीवर आधीच मिळते, पण उत्पादकाच्या घोषणेपूर्वी त्याचे नाव घेता येत नाही. उत्पादकही ही घोषणा लांबवतो, कारण पुढचे यंत्र येणार हे कळले की चालू यंत्राची विक्री मंदावते. सॅटर्न या आपल्या चालू यंत्रावर भवितव्य अवलंबून नाही, असे सेगाच्या अमेरिकी शाखेने १९९७ मध्येच सूचित केले. त्याच्या पुढचे यंत्र ड्रीमकास्ट तेथे सप्टेंबर १९९९ मध्ये आले आणि त्याआधीच सॅटर्न अमेरिकी बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले होते.

प्रकार : (१) जुन्याच यंत्रावर ठाम राहणे. ‘द लास्ट ऑफ अस’ डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाला आणि प्लेस्टेशन ४ ची घोषणा होऊन गेल्यावरही जून २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वरच आला. पुढच्या वर्षी त्याची सुधारित आवृत्ती नव्या यंत्रावर विकली गेली. (२) नव्या यंत्राबाबत मौन पाळणे. प्रकाशक युबिसॉफ्टने ‘वॉच डॉग्स’ जून २०१२ मध्ये संगणकावर चालवून दाखवला; फेब्रुवारी २०१३ मध्ये तो प्लेस्टेशन ४ च्या घोषणेच्या कार्यक्रमात झळकला. मे २०१४ मध्ये तो दोन्ही पिढ्यांच्या यंत्रांवर आला, तेव्हा पहिल्या प्रात्यक्षिकातील चित्रदर्जा उतरल्याची टीका झाली. (३) दोन्ही यंत्रांवर आणणे. गेमक्यूबसाठी २००४ मध्ये जाहीर झालेला झेल्डा मालिकेतील ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ २००६ च्या अखेरीस आधी वी या नव्या यंत्रावर आणि मग जुन्या गेमक्यूबवर आला. (४) यंत्र बदलणे. २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी जाहीर झालेला ‘द लास्ट गार्डियन’ डिसेंबर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ वर प्रसिद्ध झाला.

परिणाम : घोषणा फार लवकर केली तर आश्वासन एका यंत्राच्या भरवशावर दिले जाते आणि ते पाळायची वेळ दुसऱ्याच्या काळात येते. २०१२ मध्ये जाहीर झालेला ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ५ बाजारात आल्यानंतर महिन्याभरात, १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. प्लेस्टेशन ४ वर तो इतका सदोष चालला, की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला; जून २०२१ मध्ये तो तेथे परत आला. याउलट प्रकाशक बेथेस्डाने ‘फॉलआउट ४’ जून २०१५ मध्ये जाहीर करून त्याच वर्षीच्या १० नोव्हेंबरला विक्रीस आणला.