शूलपाणीची झाडी : देवालय आणि अरण्यवासीयांची नावे

नर्मदेची महाराष्ट्राशी सोबत अवघी सुमारे ५४ किलोमीटरची, आणि ती सर्व नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधील या दुर्गम प्रदेशास, तसेच त्याच्या दोहो बाजूंच्या बडवाणी व राजपिपळा येथील डोंगराळ मुलखास, परिक्रमेचे यात्रिक 'शूलपाणीची झाडी' म्हणत आले आहेत. झाडीच्या पश्चिम टोकास, अक्कलकुवे तालुक्यातील मणिबेली गावालगत, नदीच्या दक्षिण तीरावर शूलपाणेश्वराचे दगडी देवालय होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सरदार सरोवराचे पाणी चढत गेले आणि देवालय त्याखाली गेले. देवाची नवी स्थापना गुजरातेत गोरा येथे झाली असून पूजाअर्चा तेथे चालू आहे.

वास्तूचा अभ्यास अशा रीतीने जवळजवळ बंद झाला. मात्र तिच्याभोवती साठलेले शब्द उपलब्ध आहेत, आणि त्यांत देवाच्या नावांपेक्षा देवालयाभोवती राहणाऱ्या माणसांस इतरांनी दिलेली नावे अधिक बोधक आहेत.

प्रथम स्थलनाम. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात येथील तीर्थाचे नाव 'शूलभेद' असे येते. अंधकासुराच्या वधानंतर त्रिशूळास लागलेला रक्ताचा डाग कोठेही जाईना. तो येथे गेला, अशी ती कथा. पुराणाने स्थळास घटनेवरून नाव दिले. लोकांच्या तोंडी ते त्रिशूळ हाती धरणाऱ्या देवाचे झाले. संस्कृत 'पाणि' म्हणजे हात. मराठी कानास मात्र त्यात जल ऐकू येते. ही व्युत्पत्ती अर्थातच अग्राह्य होय. पण आजची स्थिती पाहता तिला हसणे अवघड जाते.

याच शूलभेदाच्या आख्यानात अरण्यवासी मनुष्य 'शबर' म्हणून प्रवेश करतो. दुष्काळाने गांजलेला हा शबर पत्नीसह कमळे घेऊन तीर्थावर येतो. राजकन्या भानुमती हिच्याकडून फुलांचा मोबदला देऊ केला जातो; तो नाकारून शबर ती फुले देवास वाहतो आणि अखेरीस सद्गतीस जातो. 'शबर' हे एका विशिष्ट जमातीचे नाव म्हणून येथे वापरले असेल असे मानण्याचे कारण नाही. संस्कृत वाङ्मयात पुलिंद, निषाद, किरात यांप्रमाणेच हा शब्दही वनात राहणाऱ्या कोणासही लावला जातो. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुराणकारास या वनात भेटलेला मनुष्य उपाशी आहे, परंतु लुटारू नाही.

लुटारू तो परिक्रमेच्या परंपरेत झाला. झाडीत भिल्ल यात्रिकास अडवितात आणि अंगावरील लंगोटीखेरीज सर्व काढून घेतात, हे परिक्रमेच्या मराठी वर्णनांत वारंवार येते. मात्र त्या लुटणाऱ्यास यात्रिक 'मामा' म्हणतो. नर्मदा ही मैया. तिच्या तीरावरचे वनवासी तिचे भाऊ, म्हणून यात्रिकाचे मामा. लुटीस नात्याचा अधिकार देणारे, भयास विनोदाने व भक्तीने झाकणारे हे संबोधन मोठे मार्मिक आहे. पण नाते एकतर्फी आहे हे विसरता येत नाही. यात्रिकास भाचा मानावे असे त्या मामांस कोणी विचारले नव्हते.

तिसरे नाव शासकीय दप्तरातले. नर्मदा जलविवाद लवाद १९६९ साली नेमला गेला व त्याचा अंतिम निवाडा १९७९ मध्ये आला. बुडिताखाली येणारी महाराष्ट्रातील गावे ३३. ती अक्कलकुवे व अक्राणी या तालुक्यांतील. तेथील लोक यापुढे 'विस्थापित', 'प्रकल्पबाधित', 'प्रकल्पग्रस्त' झाले. ज्यांच्या कसत्या जमिनीस कागद नव्हता ते 'अतिक्रमणदार' ठरले. 'ग्रस्त' हे 'ग्रस्' म्हणजे गिळणे या धातूचे भूतकृदंत असून ते ग्रहण लागलेल्या चंद्रसूर्यांस लावीत. ग्रहण सुटते, ही त्या जुन्या वापरातील गृहीत गोष्ट नव्या समासात उरलेली नाही. मणिबेलीने १९९० नंतरच्या वर्षांत या नावाविरुद्ध मोठा लढा दिला. जागतिक बँकेचे कर्ज १९९३ मध्ये थांबले, परंतु बांध थांबला नाही. जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस २०१९ साली पोहोचला.

शबर, मामा आणि प्रकल्पग्रस्त ही तिन्ही नावे बाहेरून आली. ज्यांस ती लावली गेली ते स्वतःस वसावे, तडवी, पावरा म्हणवितात. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०७ मधील भिल्ली भाषांच्या खंडात देहवाली, नोइरी, पावरी, मावची यांचे नमुने आहेत, पण ते थोडके आहेत. ओढा, उतार, शेत, पाणवठा यांची त्या भाषांतील नावे तेथे मिळणार नाहीत. असे सर्वेक्षण गाववार शब्द नोंदीत नाही. नदीस हे लोक काय म्हणत, देवालयाच्या टेकडीस वेगळे नाव होते काय, 'झाडी' हा शब्द त्यांच्या बोलण्यात मुळात होता काय, या प्रश्नांची उत्तरे पोथ्यांत नाहीत.

ती मिळतील तर तळोदे व शहादे तालुक्यांच्या सपाटीवरील पुनर्वसाहतींत, आणि नदीकाठी वरच्या उतारांवर अजून राहणाऱ्या पाड्यांत. १९९४ साली वीस वर्षांचे असलेले तेथील लोक आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत.