मेंदू व मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल : पैसे भरण्यापूर्वी

मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागला किंवा विहिरीत पडून कमरेखालची ताकद गेली, की काही दिवसांतच घरच्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ येतो : स्टेम सेल टाकले आणि रुग्ण चालू लागला. बीड, केज, अंबाजोगाईकडचे नातेवाईक मग विचारतात, ‘डॉक्टर, जमीन विकू, पण आमचा माणूस उभा राहील का?’

आज याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, मेंदू किंवा मज्जारज्जूची इजा स्टेम सेलने बरी होते हे सिद्ध झालेले नाही.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. थॅलेसेमिया आणि काही रक्ताच्या कर्करोगांत मूलपेशींचे प्रत्यारोपण मान्यताप्राप्त आहे, कारण तिथे त्या नवे रक्त तयार करतात. मज्जारज्जूचे काम वेगळे. तुटलेल्या तंतूला व्रण ओलांडून वाढावे लागते आणि नेमक्या पेशीशी पुन्हा जुळावे लागते. कमरेतून सुईने सोडलेल्या पेशी हे करतात असे दिसलेले नाही. धोका मात्र खरा आहे. पक्षाघातानंतर परदेशांतील क्लिनिकमध्ये अशी इंजेक्शने घेतलेल्या एका अमेरिकन रुग्णाच्या मणक्यात दुसऱ्याच्या पेशींची गाठ वाढल्याची नोंद २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली.

मग व्हिडिओतला रुग्ण सुधारला कसा? इजेनंतर पहिले सहा महिने ते वर्षभर शरीर स्वतःहून थोडेफार सावरते, व्यायामाने आणखी. इंजेक्शन त्याच काळात दिले की श्रेय त्याला जाते.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांत स्टेम सेल फक्त मंजूर संशोधन चाचणीतच देता येतात आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून लाखांचे ‘पॅकेज’ सांगितले, तर सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. तो संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. क्रमांक असला तरी चाचणी म्हणजे सिद्ध उपचार नव्हे. शंका असेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात फाइल दाखवा.

हाच पैसा फिजिओथेरपी, चांगली गादी, व्हीलचेअर यांवर लावा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. घरी दर दोन तासांनी कूस बदला, पाठ व टाचा रोज पाहा. लघवी तुंबली, ताप आला किंवा कातडी लाल पडून राहिली, तर त्याच दिवशी दाखवा.