बॅटरी कोणाच्या खात्यावर?

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार वाफेवर चालावी, पेट्रोलवर की विजेवर, याचा निकाल अमेरिकेत अजून लागायचा होता. १९०० सालच्या गणनेनुसार तेथे तयार झालेल्या ४,१९२ गाड्यांपैकी १,५७५ विजेच्या होत्या आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन सुरू करण्यासाठी पुढचे हँडल जोर लावून फिरवावे लागे आणि ते उलट झटका देऊन मनगट मोडण्याची भीती असे. वीजगाडीत हा खटाटोप नव्हता, गिअर बदलणे नव्हते, धूरही नव्हता. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही वीजगाडी चालवत असे, यात काय ते आले.

पुढे ही गाडी मागे पडली, त्याचे खापर सहसा १९१२ साली कॅडिलॅकमध्ये आलेल्या विजेच्या स्टार्टरवर फोडले जाते. ते खोटे नसले तरी अपुरे आहे, कारण बेताच्या कमाईचा गिऱ्हाईक त्याआधीच या बाजारातून बाहेर पडला होता. १९१२ च्या सुमारास विजेची रोडस्टर, म्हणजे दोन आसनांची उघडी गाडी, १,७५० डॉलरला पडे, तर पेट्रोलची ६५० डॉलरला मिळे. १९०८ साली ८५० डॉलरला विकली जाणारी फोर्डची ‘मॉडेल टी’ तर पुढे ३०० डॉलरच्याही खाली उतरली.

या तफावतीचे एक मोठे कारण बॅटरी हे होते. शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडवून बनवलेली ही शिसे-आम्ल बॅटरी अतिशय जड असे, तिच्यात वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागे, आम्लाची घनता हायड्रोमीटरने तपासावी लागे, आणि इतके करूनही काही वर्षांत ती निकामी होऊन मालकाला दुसरी विकत घ्यावी लागे. एडिसनची निकेल-लोह बॅटरी जास्त टिके, पण ती महागही तितकीच होती. शिवाय घरात प्रत्यावर्ती वीज, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह, येत असेल तर तो बॅटरीसाठी एकदिश करावा लागे. त्यासाठी पाऱ्याच्या वाफेने भरलेला, चालू असताना निळसर उजळणारा काचेचा फुगा असलेले यंत्र गाडीखान्यात बसवावे लागे. खेड्यापाड्यांत तर वीजच पोचली नव्हती.

या अडचणीवर कनेक्टिकटमधील हार्टफर्ड इलेक्ट्रिक लाइट कंपनीने काढलेला तोडगा मात्र आजही दाद देण्याजोगा वाटतो. गिऱ्हाइकाने जनरल व्हेईकल कंपनीचा विजेवरचा ट्रक बॅटरीविना विकत घ्यायचा, बॅटरी वीज कंपनीची राहायची, ती उतरली की भरलेली बदलून मिळायची, आणि मोबदला म्हणून दरमहा ठरावीक आकार व त्याखेरीज चाललेल्या मैलांप्रमाणे रक्कम द्यायची, असा हा व्यवहार होता. बॅटरी लवकर खराब होण्याचा धोका अशा रीतीने तिची निगा राखण्याचे कसब असलेल्याच्या अंगावर गेला. वीज कंपनीलाही वीज विकण्याचे नवे गिऱ्हाईक लाभले. १९२४ पर्यंत चाललेल्या या सेवेखाली गाड्यांनी साठ लाख मैलांहून अधिक अंतर कापले. शिकागोत १९१७ पासून ‘मिलबर्न’ या हलक्या वीजगाडीच्या मालकांसाठी तशीच सोय झाली. पण हा व्यवहार बॅटरी बदलून देणाऱ्या ठाण्याच्या आसपासच शक्य होता; पेट्रोल मात्र गावोगाव मिळू लागले होते, आणि रस्ते सुधारले तसे लोकांना शहराबाहेर लांब जावेसे वाटू लागले.

भारतात बॅटरीचा हिशेब गाडीपासून वेगळा करण्याची कल्पना मोटारींच्या बाजारात ठळकपणे दिसली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, जेव्हा एमजी विंडसर ही गाडी बॅटरीविना ९.९९ लाख रुपये आणि बॅटरीच्या वापरापोटी किलोमीटरमागे साडेतीन रुपये, अशा दराने बाजारात आणली गेली. त्या साडेतीन रुपयांत विजेचा खर्च धरलेला नाही आणि बॅटरीही ठाण्यावर बदलून मिळत नाही, ती गाडीतच राहते; हार्टफर्डच्या ट्रकवाल्याला दोन्ही गोष्टी मिळत होत्या.