कचऱ्याचा हिशेब

गिरणीत सुताची रद्दीसुद्धा तोलून विकली जाई. मालक तिला कचरा म्हणत नसे, माल म्हणे. शहराच्या कचऱ्याचंही तसंच आहे. तो घाण असतो फक्त उचलणाऱ्याला. बाकीच्यांना तो धंदा असतो. मुंबईतल्या या धंद्याचा इतिहास आपल्याला कुणी शिकवला नाही. तो आपणच मांडायचा आहे.

१८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात एक कर होता, हलालखोर-कर. कर घरावर, नाव मैला उचलणाऱ्याचं, पैसा म्युनिसिपालटीच्या तिजोरीत. दोनच वर्षांनी, १८९० साली, म्युनिसिपल नोकरांचा कायदा आला. शहराच्या आरोग्याचं काम करणाऱ्याने नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा!

अर्थशास्त्र सांगतं, ज्या कामाला कुणी तयार होत नाही त्याची मजुरी चढते. मग झाडूवाल्याची का चढली नाही? कारण जातीनं माणसं आधीच कोंडून ठेवली होती आणि कायद्यानं बाहेरून कडी घातली. सगळ्यात घाण काम सगळ्यात स्वस्त राहिलं ते असं. शहराची ही बचत आपल्या बापजाद्यांच्या अंगातून निघालेली आहे.

पैसा नव्हता असं नाही. १९०६ साली कुर्ला ते चेंबूर रूळ पडले ते कचऱ्याच्या गाडीसाठी. माणसांची गाडी त्यावरून धावली १९२४ साली. १९२७ पासून देवनारला खाडीकाठी ढीग पडू लागला. रुळाला पैसा होता, हाताला नव्हता. १९३५ साली बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ काढला तो ह्या हातांसाठी.

कायम नोकरी, रजा, पेन्शन हे लढून मिळालं. ते मिळाल्यावर मालकानं नवी वाट काढली : ठेका. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस माणसांपासून पुढे लागू होता. मग ठेक्याचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यात वीसच्या आत माणसं ठेवा! कामगाराला 'स्वयंसेवक' म्हणा, पगाराला 'मानधन' म्हणा. शब्द बदलला की हक्क गेला. ह्याच्याविरुद्ध कचरा वाहतूक श्रमिक संघ १९९७ पासून लढला. ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टानं २७०० कामगारांना कायम करायचा हुकूम दिला. त्यानंतरही कित्येकांना नावाच्या स्पेलिंगवरून अडवलं गेलं.

आता ठेक्याचं पोट बघा. पैसे टनावर मिळतात. वजन जास्त, बिल जास्त. ओला-सुका वेगळा केला तर वजन घटतं, म्हणजे ठेकेदाराचं नुकसान. तो कशाला वेगळा करील? वेगळा करत आल्या त्या आपल्या आयाबहिणी. त्यातल्या कितीतरी १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा सोडून आलेल्या. रस्त्यावर काच, पत्रा, पुठ्ठा वेचला तर पालिकेचं गाडीभाडं वाचतं. ढिगावर वेचला तर जागा वाचते. ह्या बचतीतला एक पैसा त्यांच्या हाती नाही. मस्टरवर नाव नाही. भंगारवाला देईल तो भाव.

आणि खर्च? तोही आपल्याच नावावर. २००९ च्या मुंबईच्या मानव विकास अहवालात शहरातला सगळ्यात खालचा वॉर्ड कोणता? एम-पूर्व. देवनारचा ढीग त्याच वॉर्डात. जानेवारी २०१६ मध्ये ढीग पेटला तेव्हा धूर पहिला शेजारच्या झोपड्यांत शिरला. त्या धुराचं बिल कुठल्या ठेक्यात लावलंय?

अभ्यासमंडळात घटना वाचता, ते चांगलंच. आता वॉर्डातल्या चौकीवरही जा. मोटर लोडरला विचारा, पगार किती, गमबूट मिळाले का. मग माहितीच्या अधिकारात ठेक्याचा कागद मागा : टनाला किती आणि माणसाला किती? हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा आणि वस्तीच्या भिंतीवर लावा. त्यावर वेगळं भाषण करावं लागणार नाही.

जय भीम.