पिंगुळीचे ठाकर आदिवासी कला आंगण

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातले पिंगुळी हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथीसाठी प्रसिद्ध आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे क्रमाने दाखवीत, वाद्यांच्या साथीने कथा गाणे, असे या कलेचे स्वरूप. एका आख्यानाच्या चित्रसंचास ‘पोथी’ म्हणतात. सावंतवाडी संस्थानचा आश्रय सरला, करमणुकीची नवी साधने आली आणि ही परंपरा क्षीण होत गेली. ती टिकावी म्हणून परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर या कला आंगणात केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री किताब जाहीर झाला. येथे चित्रांबरोबरच कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांचीही परंपरा जपली आहे. चित्रकथीची जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत. परंतु कथेविना चित्र मुकेच. ती कथा गाणारा गळा पिंगुळीतच घडतो.